अण्णामामांचं चौथं चित्र

मी देवासला सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये आहे. बावीस वर्षं झाली. यंत्रं पुष्कळ आहेत, पण तेल खवट झालंय की नाही हे आधी माझं नाक सांगतं, मग यंत्र. तेव्हा भुताखेतांवर माझा विश्वास किती असेल ते समजून घ्या. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी चहा मागवून विषय बदलायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तर एका बैठकीत मोकळा होतो.

अण्णामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. धारला राहायचे, ड्रॉइंग मास्तर होते. नोकरीची बरीच वर्षं सरदारपूरला गेली. तिथे माही नदी बघत बघत त्यांनी चार तैलचित्रं काढली. चारींत तीच नदी, तोच माणूस. पहिल्यात सकाळ, झऱ्यात पाय सोडून बसलेलं पोर. दुसऱ्यात तेच पोर तरणंताठं होऊन पुरात उतरलेलं. तिसऱ्यात टळटळीत दुपार, खडकाळ पात्र, माणसाच्या डोक्यावर गाठोडं. चौथ्यात संध्याकाळ — पाणी संपलेलं, नुसती वाळू, आणि पळसाखाली आपल्याकडे पाठ करून कुशीवर निजलेला म्हातारा. मामा म्हणायचे, "चार मिळून एक चित्र आहे रे. सुटं करायचं नाही."

मागच्या वर्षी आम्ही देवासला फ्लॅट घेतला. मामा तेव्हा पडून पाय गेल्यामुळे अंथरुणालाच होते. वास्तुशांतीला त्यांनी मुलाच्या, हेमंतच्या हाती चारही चित्रं पाठवली. आपल्या लोकांची रीत तुम्हाला माहीतच आहे. हॉलमध्ये उगवता सूर्य हवा, फार तर धावते घोडे. आटलेली नदी आणि म्हातारा कोण लावतं? आम्ही तीन लावली. चौथं मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. बायकोच्या, मेघनाच्या नावावर ढकलत नाही, ठेवलं मीच.

थंडी सरता सरता बाल्कनीत वास सुटला. गोडसर, कुजका, कोंबट. वाटलं पाल मेली असेल. मशीन सरकवलं, काही नाही. आमच्या कामवाल्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "भाभी, अणी तस्वीर में कईं मरी ग्यो हे!" म्हणजे चित्रातच काहीतरी मेलंय.

चित्र उलटं केलं. म्हाताऱ्याच्या कमरेशी, मणक्याच्या डावीकडे, मुगाएवढा ठिपका होता. पिवळट-हिरवा, ओला. बोट लावलं तर तार आली. मी ते बोट हुंगलं — धंद्याची खोड, दुसरं काय — आणि तडक बेसिनवर गेलो.

मग शहाणपण सुचलं. तैलरंग जवसाच्या तेलात असतात, शेजारी मशीनची ओल, तेल बिघडलं असणार. स्पिरिटनं पुसलं. दुसऱ्या दिवशी ठिपका परत, आता नाण्याएवढा. पुन्हा पुसलं, पुन्हा आला. कापसाचा बोळा बाटलीत घालून लॅबमध्ये नेला. बाटली उघडली तशी शेजारची ज्युनिअर खुर्ची मागे सरकवून उठली. आणि टेस्ट? तेल नाही, बुरशी नाही. रिपोर्टमध्ये लिहायला काहीच नाही. खरं तर खवट वास कसा असतो हे मला झोपेतही कळतं, आणि हा तो नव्हता. तरी मी स्वतःला सांगत राहिलो — तेलच आहे.

मधे एकदा हेमंतला फोन केला. "मामांनी रंगात काय मिसळलं होतं, जरा विचार ना."

"अरे भिया, अभी सो रहे हैं. एकदम बढिया आहेत, तू टेंशन नको घेऊ."

मी रंगाची चौकशी केली आणि फोन ठेवला. मामांना फोन दे, असं म्हणालो नाही.

पंधरा दिवस हे चाललं. चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर प्लास्टिकवर माश्या बसायला लागल्या. मेघनाला दोनदा उलटी झाली. "घरात एक तर ते चित्र राहील नाही तर मी," म्हणाली. कचरागाडीत टाकणार होतो, पण मामा कधीतरी विचारतील ही धास्ती. म्हणून रविवारी सकाळी डिकीत टाकलं आणि धारला निघालो. मामांना भेटायला नव्हे, स्पष्टच सांगतो, चित्र परत करायला.

अकराच्या सुमारास पोचलो. हेमंत दारातच आडवा उभा राहिला. "बाबा झोपलेत. चहा घे, बस." बाहेरच्या खोलीत सगळीकडे अगरबत्त्या लावल्या होत्या. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि त्या धुराखालून तो वास आला. दोन बाटल्यांत एकच तेल आहे का हे ओळखणं माझं पोटापाण्याचं काम आहे. एकच होतं.

हेमंतला बाजूला सारून आत गेलो. मामा भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. चादर उचलली. कमरेशी, मणक्याच्या डावीकडे... पडून पडून झालेली जखम, लिंबू मावेल एवढा खड्डा, आणि त्यात चिकटून बसलेली जुनी पट्टी. अधिक लिहीत नाही. मला तिथेच, त्यांच्या पलंगाशी ओकारी आली. त्यांनी ऐकलं.

"शिरीष का? दार उघडं ठेव बाबा. तुला वास येत असेल."

ते माझी माफी मागत होते!

हेमंतवर मी हात उगारला. तो उंबऱ्यावर बसकण मारून रडायला लागला. "भिया, रोज सोचता हूँ आज करूँगा. बाप आहे माझा, पण किळस येते, हात नाही जात. डॉक्टरला बोलावलं तर लोग क्या कहेंगे, बेटे ने बाप को सडा दिया?" मला त्याची शिसारी आली. पण त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य मला अनोळखी वाटलं नाही, आणि हात खाली आला.

ॲम्ब्युलन्समधून इंदूरला नेताना मामांनी विचारलं, "चित्रं लावलीस ना रे?"

"हो."

"चारही?"

"चारही. हॉलमध्ये."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकं समाधान की मला तोंड फिरवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जहर रक्तात उतरलंय, पंद्रह दिन पहले ले आते तो बात अलग थी. नवव्या दिवशी मामा गेले.

सगळं आटोपल्यावर डिकी उघडली. प्लास्टिक काढलं. चित्र कोरडं ठणठणीत, ठिपका नाही, डागाची खूणही नाही. वास फक्त जुन्या रंगाचा. लॅबमधली बाटली उघडली, तोही बोळा साफ. ज्युनिअरनं हुंगून खांदे उडवले. आता चौथं चित्र हॉलमध्ये सोफ्यासमोर आहे.

मी तेलाचं शास्त्र शिकलेला माणूस. मेघना म्हणते, मामांनी सांगावा धाडला होता. मला ते पटत नाही, खोडताही येत नाही. पण सांगावा असेलच, तर ज्याचं नाक सगळ्यात तेज त्याच्या घरी तो आला, आणि मी पंधरा दिवस तो स्पिरिटनं पुसत बसलो.