डबा आणायचा नाही

सुलाबाईंच्या पायाला भिंगरीच. बसायला पाट द्या, त्या पाटावर परात ठेवतील आणि स्वतः उभ्याच राहतील. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी ढवळली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा घरच्यांनी हुश्श केलं, पण पंधराव्या दिवशी बाईंनी नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यासमोर पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली. पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना दुपारचं फुकट जेवण. खाटेवरच्याची काळजी सगळेच करतात हो, खाटेखाली झोपणाऱ्याच्या पोटाची कोण करतं?

ताटात दोन चपात्या, मिरचीचा ठेचा आणि तुरीची डाळ. चपात्या शेजारची नूरबानो लाटायची. डाळ सुलाबाईंची, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. देणाऱ्यांकडून रोजची आठ किलो यायची, त्यात दीडशे माणसं. पळी उभी राहील इतकी घट्ट.

त्या घट्टपणामागे जुनं दुखणं होतं. लहानपणी गावच्या लग्नात त्यांच्या वस्तीची पंगत सगळ्यांत शेवटी आणि लांब बसायची. तोवर डाळीचं नुसतं पाणी झालेलं. आई पत्रावळीवर भाताचं आळं करायची आणि ते पाणी वाहून जाऊ नये म्हणून कडेला हात धरून बसायची. सुलाबाईंनी तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या हातून कुणाला पातळ वाढायचं नाही आणि कुणाला उपाशी परत धाडायचं नाही.

शेडच्या पत्र्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत एकच नियम रंगवून घेतला होता, ‘डबा आणायचा नाही. बसून जेवायचं.’ एकानं डबा भरून नेला की दुसऱ्याच्या ताटात कमी पडतं, असा साधा हिशेब. नूरबानो कधीमधी म्हणायची, “पंचवटीच्या बाजारात मार लागलेली भाजी फेकून देतात गं, मागून आणू, रस्सा करू.” सुलाबाई फणकारायच्या, “टाकाऊ मी वाढणार नाही. गरिबाला काय जीभ नसते?”

मंगळवारी घोळ झाला. पलीकडच्या रस्त्यावरचं एका मंडळाचं अन्नछत्र बंद पडलं आणि तिथली सगळी रांग इकडे आली. दोनशेच्या वर माणसं. सुलाबाई दारात जाऊन मोजून आल्या, पातेल्यात डोकावल्या, पुन्हा दारात गेल्या.

“अगं, चटका लागल्यासारखी काय फिरतेस?” नूरबानो म्हणाली. “दीडशे झाले की हात जोड. सांग, संपलं.”

“एवढ्या लांब सुरगाण्यावरून आलेल्या माणसाला सांगू संपलं म्हणून? तू सांग.”

नूरबानो पुन्हा पोळपाटाकडे वळली. सुलाबाईंनी बादली उचलली आणि पाणी ओतलं. एक बादली, मग आणखी अर्धी. डाळीतून पातेल्याचा तळ दिसायला लागला. मग त्यांनी बेसन कालवून लावलं, वरून लसणाची चरचरीत फोडणी घातली. डाळ पुन्हा पिवळीधमक आणि दाट दिसू लागली.

“पाणी घालायचं तर सांगून घाल,” नूरबानो हळूच म्हणाली. “लपवतेस कशाला?”

“तू चपात्या लाट.”

सगळे जेवले. दोघातिघांनी तर ‘आज फोडणी झकास’ म्हटलं. प्रत्येक शाबासकीला सुलाबाई मान खाली घालून पातेलं उगाच ढवळत राहिल्या. त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला केरू दिसला. नऊ दिवसांपासून रोज येणारा, पेठकडचा म्हातारा. ताटातली डाळ तो टॉवेलाखालच्या डब्यात ओतत होता. आधीच जीव जळत होता, त्यात हे! सुलाबाई तरातरा गेल्या.

“काय बाबा, पाटी वाचता येत नाही?”

केरू दचकून उभा राहिला. “नाय येत, बाई. पण लोक सांगत्यात, म्हणून झाकून नेतो. बायकोचं आप्रेशन झालंय. तिला दुसरं काय गिळवत नाय. डाक्टर म्हनला घट्ट डाळ द्या, ताकद येईल. तुमच्या डाळीवर आता उठून बसती ती.” त्यानं डबा कलता करून पाहिला. “आज तर लय दाट हाय.”

सुलाबाईंच्या डोळ्यांपुढे आईचा हात आला. त्यांनी डबा हिसकावूनच घेतला. “ही नको. थांबा जरा.” उद्याच्या पोत्यातली दोन मुठी डाळ त्यांनी कुकरला लावली आणि शिट्ट्या होईपर्यंत शेडभर येरझारा घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात जास्तीचं पाणी घातलं नाही. ताटं मांडायच्या आधी त्या रांगेपुढे उभ्या राहिल्या.

“काल मी डाळीत पाणी घातलं आणि बेसन लावून लपवलं. चुकलं माझं. ज्यांच्या पेशंटला डाळ लागते त्यांनी डबे बाहेर काढा. कुणी रागावणार नाही.”

आधी कुणीच हललं नाही. मग एका बाईनं पदराखालून डबा काढला. मागच्यानं पिशवीतून पेला काढला. कुणाच्या शर्टातून डबी निघाली, कुणाकडून थर्मासचं झाकण. रांगेच्या टोकापर्यंत हात वर होत गेले. नूरबानोनं मोजले, एकशे बारा.

तीन वर्षं सुलाबाई ज्यांची पोटं भरली असं समजत होत्या, त्यांतली निम्मीअधिक माणसं नुसत्या चपातीवर उठत होती.

“मग तुम्ही काय खाता रे?” त्यांनी विचारलं.

केरूच बोलला, “ठेचा असतो की, बाई. चांगला असतो.”

सुलाबाई मटकन खाली बसल्या. नूरबानो घाबरून पाणी घेऊन आली, तिनं त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“भाभी,” सुलाबाई म्हणाल्या, “पंचवटीला रिक्षा पाठव. वाकडी वांगी, फुटके टोमॅटो, जे फेकत असतील ते आण. यांच्यासाठी रस्सा टाकू.”

मग त्यांनी पळी घेतली आणि आधी डबे भरायला सुरुवात केली.