पाच जोड धुतलेल्या चपला अन् हिंगण्याचा कारखाना

माझी नात रुचिता चपलांच्या कारखान्यात डिझाइनचं काम पाहते, हे मी प्रताप नगरच्या आमच्या भजनी मंडळात इतक्यांदा सांगितलं आहे, की आता मी तोंड उघडलं की बायका टाळ वाजवायले लागतात. पण कारखाना काही मी पाहिला नव्हता. म्हणून रुचिता म्हणाली, "आजी, मंगळवारी तूच घेऊन ये चपला, मले सकाळी लवकर जावं लागते," तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पोरीबाळींच्या कामाचं ठिकाण एकदा पाहून यावं असं ज्यांच्या मनात आहे अन् दरवेळी राहून जाते, त्यांच्यासाठी हे लिहून राहिली. शाळा माझी चौथीपर्यंत, तर शुद्धलेखन पाहू नका, रस्ता पाहा.

आधी त्या चपला कोणत्या, ते सांगते. रुचिताच्या कामाचं नाव लांबलचक आहे, स्ट्रॅटेजिक अन् सस्टेनेबल असं काहीतरी त्याच्यात येते. मी विचारलं, म्हणजे काय वं? ती म्हणाली, चपल कोणासाठी करायची, कशाची करायची, ती किती टिकंल अन् झिजल्यावर तिचं काय होईल, हे सगळं पहिली चपल करायच्या आधीच ठरवायचं. म्हणजे बारसं अन् तेरवी एकाच बैठकीत! तिनं एक चपल तयार केली. तळ जुन्या टायरच्या रबराचा, पट्टे कापडाच्या उरल्या तुकड्यांचे, अन् तळ डिंकानं चिकटवलेलाच नाही. खाचेत बसवून शिवलेला. झिजला की टाके उसवा, नवीन तळ बसवा, वरची चपल तीच. कारखान्यातले काही लोक म्हणत, डिंकाची चपल झटपट होते, हा उपद्व्याप काहून? म्हणून मंडळातल्या आम्ही सहाजणींनी ती चार महिने घालायची, मग ती परत पाहून रुचिताच्या वरच्या साहेब, मेश्राम मॅडम, ठरवणार, की ही चपल बाजारात जाणार का रुचिताचं दोन वर्षांचं काम कपाटात जाणार.

चपला गोळा करायची जबाबदारी माझी. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याची वस्तू परत देताना कोणी मळकी देते का? शेजारणीची कढईसुद्धा आपण घासून देतो, अन् तीही रिकामी देत नाही. मी माझा धरून पाच जोड जमवले, रिठ्याच्या पाण्यात भिजवले, ब्रशनं तळ घासले. पट्टे फिके पडले होते, ते घरीच रंगवले. कुठं टाका उसवला होता, कुठं टाच एका बाजूनं झिजली होती, ते सगळं चौकातल्या मोच्याकडून सारखं करून घेतलं. रिकाम्या द्यायच्या नाही अन् चपलेत खायचं तर ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येकीत एकेक कापराची वडी ठेवली. काय घमघमाट सुटला, वा!

सहावा जोड वच्छलाचा. वच्छला माझी मैत्रीण, पक्की आळशी. मागून मागून मी थकली, तिनं काही दिला नाही. वरून म्हणाली, "मीच येतो ना वं तुह्यासंगं. मले मेट्रोत बसाचं आहे."

आम्ही सुभाष नगरच्या स्टेशनवरून बसलो. तिकीट ऑटोच्या मानानं फारच कमी, अन् आत गारेगार. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायच्या आधी एकदा देवाचं नाव घ्या अन् वर पाहा, खाली नाही. वच्छलानं खाली पाहिलं, अन् तिथंच अडकली. मागं रांग लागली.

"चढ ना वं!"

"थांब, एक पायरी चांगली येऊ दे."

"सगळ्या सारख्याच आहेत त्या, बाप्पा!"

लोकमान्य नगरला उतरलो. तिथं गाडीवर तर्री पोहे खाल्ले. तर्री मागताना 'कमी तिखट' म्हणा, तरी तिखटच येईल, पण म्हणा. पुढं शेअर ऑटोनं हिंगण्याच्या एमआयडीसीत, कारखान्यापर्यंत. ऑटोवाल्यानं पिशवी हुंगून विचारलं, "माताजी, मंदिर जाना है क्या?" मी म्हटलं, "नाही गा, चपला आहेत." त्यानं ऑटो पळवला.

गेटवर पहिली गंमत. चपलांचा कारखाना, अन् आत चपल चालत नाही! जड काही पायावर पडलं तर बोटं जातात, म्हणून सगळ्यांनी पुढून लोखंडी टोपी असलेले बूट घालायचे. आम्ही आपल्या चपला दारातल्या घडवंचीवर ठेवल्या अन् बुटात पाय घातले. वच्छला नऊवारीत, खाली काळे बूट. चालली की ठक ठक. "मले तर फौजेत गेल्यासारखं वाटून राहिलं," म्हणाली अन् मुद्दाम जोरात चालायले लागली.

आतमधे मोठमोठी यंत्रं पट्टे कापत होती. उरलेले तुकडे खाली पडू न देता एका डब्यात जात होते, त्याचेच रुचिताच्या चपलेचे पट्टे. मी तर त्या डब्यापाशीच उभी राहिली. काय एकेक रंग! गोधडीसाठी मूठभर मागणार होती, पण रुचितानं डोळे मोठे केले.

मग बैठक. काचेची खोली, लांब टेबल, मेश्राम मॅडम मधोमध. बाई शांत, चष्मा नाकावर. रुचिता सारखी माझ्या पिशवीकडे पाहून राहिली होती. मी ऐटीत पिशवी उपडी केली. पाच जोड टेबलावर असे चमकले, की मलेच दृष्ट काढावीशी वाटली.

मॅडमनी एक चपल उलटी केली. मग दुसरी. मग सगळ्या.

"रुचिता, या वापरल्या आहेत ना?"

"हो मॅडम, चार महिने."

"यांच्यावर तर काहीच खूण नाही."

"नाहीच राहणार!" मी म्हटलं. "रिठ्यानं घासल्या. टाचा मोच्याकडून सारख्या केल्या. पट्टे रंगवले."

कोपऱ्यातला एक डिंकवाला साहेब हळूच हसला. रुचिता माझ्याकडे वळली, अन् आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "आजी, कुठं झिजली, कुठं उसवली, तेच तर पाहायचं होतं वं."

पोरीची दोन वर्षं मी रिठ्याच्या पाण्यात बुडवली होती. मॅडम म्हणाल्या, "मग आज मी काहीच ठरवू शकत नाही. अन् पुढच्या हंगामाचं आजच ठरवावं लागते."

तेवढ्यात वच्छला, जी इतका वेळ बिस्किट चहात बुडवत होती, ती म्हणाली, "माही तर मी धुतलीच नाही. मले वेळ कुठी होता?"

"कुठं आहे तुझी?" रुचिता उभीच राहिली.

"पायातच घालून आली ना मी. त्या घडवंचीवर आहे."

मग जी पळापळ झाली! पुढं रुचिता, मागं मी, त्यामागं वच्छला ठक ठक, सगळ्यात मागं मेश्राम मॅडम. घडवंचीवर माझी रोजची साधी चपल होती, वच्छलाची गायब. गेटवरचा दादा म्हणाला, "लय घाण दिसत होती, पाहुणे येऊन राहिले ना, म्हणून कुंडीमागं टाकली." कुंडीमागून निघाली एकदाची. चिखल, शेण, हळदीचे डाग, एका पट्ट्याले सेफ्टी पिन.

मॅडम तिथंच पायरीवर बसल्या अन् ती चपल मांडीवर घेतली. मले तर अंगावर काटा आला, एवढी इस्त्रीची साडी!

"ही पिन कशाला लावली?"

"माह्या अंगठ्याजवळचं हाड वर आलं आहे. सकाळी पट्टा ढिला होते, संध्याकाळी पाय सुजला का घट्ट. पिननं कमीजास्त करतो."

"अन् टाच डावीकडून झिजली."

"त्या बाजूचा गुडघा दुखते न बाई."

रुचितानं खिशातून छोटी कात्री काढली, टाके कापले, अन् तळ असा निघाला जशी शेंगेची साल. वरच्या चपलेले धक्का नाही. नवीन तळ आणून खाचेत दाबला, बसला. डिंकवाले साहेबही वाकून पाहायले लागले. मॅडम बराच वेळ चपल फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पट्टा कमीजास्त करता आला पाहिजे. तेवढं बदल, अन् थोड्या जोडांपासून सुरू कर."

रुचितानं मले अशी मिठी मारली, की माझा चष्मा तिच्या केसात अडकला.

पण काम संपलं नव्हतं. मॅडमले चपल मधोमध कापून आतून पाहायची होती. वच्छलानं दोन्ही चपला छातीशी धरल्या. "कापता? माह्या चपला? एवढ्या मऊ झाल्या त्या आता!" नवीन जोड देतो म्हटलं, तरी ऐकेना. शेवटी डावी दिली, उजवी ठेवली. नवीन जोड तिच्या मापाचा तयार नव्हता, म्हणून बाई ते लोखंडी बूट घालूनच मेट्रोत बसली. समोरची कॉलेजची पोरगी म्हणाली, "आजी, बूट भारी आहेत!" वच्छलानं पाय पुढं केला. "कंपनीचे आहेत. तिथं आपली ओळख आहे." अन् इकडे मी, सख्खी आजी, साध्या चपलेत!

तुम्ही जाल तर पायात बिनलेसचं, गेटवर सहज निघंल असं काहीतरी घाला, अन् पोहे येताना नाही, जातानाच खा. दुपारनंतर उरत नाही.

आता पट्टा कमीजास्त होणाऱ्या नव्या चपला आल्या आहेत, पुन्हा चार महिने घालायच्या. रुचितानं मले प्रमुख ठेवलं, पण चपला न धुण्याची देवाची शपथ घालून. काल आठवडी बाजारातून आली. चपल अशी बरबटली होती, की दारात ठेवायची लाज वाटली. कोणी पाहुणा आला तर काय म्हणंल? बादली भरली. रिठे टाकले. फेसही आला. मग त्या चपलेकडे पाहिलं, टाच उजवीकडून जराशी झिजायले लागली आहे.

त्या पाण्यात मी पायपुसणं धुतलं. चपल तशीच आहे दारात. तुम्ही घरी आलात, तर पाहा अन् काही म्हणू नका.