हेलिकॉप्टर धुणाऱ्यांचा बॅज

माझी मुलगी बचाव पथकात हेलिकॉप्टरची तंत्रज्ञ आहे. अणुभट्टीच्या अपघाताची रंगीत तालीम आटोपून ती कोहक्यातल्या घरी आली, तेव्हा मी आधी विचारले, "बॅज कुठी लावला होता वं?"

"मले नाही भेटला, बाबा. तो उडणाऱ्यांले देतात. आमी खाली राहून धुतो."

माझे डोके भडकले. पोलाद कारखान्यात वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासण्यात माझी सारी नोकरी सरली. किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारा तो बॅज म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. वैमानिक फुटलेल्या भट्टीवर थांबत नाही, सरळ पार होतो. परंतु पात्यांच्या वाऱ्याने उडालेली विषारी धूळ फिल्टरमध्ये, तेलकट सांध्यांत बसून तळावर येते. तिथे ब्रश घेऊन तासन्‌तास उभी राहणार माझी मुलगी. बॅज कुणाला द्यायचा, यावर नियमांत मात्र शब्द एकच: 'उड्डाण कर्मचारी'.

मी पथकाच्या मुख्यालयाला तीन पत्रे लिहिली. नियोक्त्याचे कर्तव्य, व्याख्येतील उणीव, सारे कलमवार मांडले. तिन्हींना उत्तर एकच: पत्र मिळाले. चौथे अधिक जहाल लिहून मी तिला फोनवर वाचून दाखवले.

"कावून इतके तापून राहिले, बाबा? तुमचा बॅज तर लॉकरमध्येच लटकून राहायचा. आईनंच सांगितलं मले."

खरे होते. मात्रेची मर्यादा ओलांडणाऱ्याला त्या कामावरून हटवत, आणि हटवलेल्याला आमच्यात भित्रा म्हणत. म्हणून आम्ही बॅज न लावताच किरणांजवळ जात असू. माझ्या नावावरची नोंद आजही स्वच्छ आहे, आणि खोटी आहे.

ते पत्र मी फाडले. नव्या पत्रात ही कबुली सही-तारखेनिशी दिली आणि लिहिले: ज्याची मात्रा मोजली जात नाही, त्याला वेळेवर बाजूला काढता येत नाही. आम्ही हे मूर्खपणाने केले. तुम्ही नियमाने करू नका.

यावेळी एका अधिकाऱ्यांचा फोन आला. आम्ही तपासणीतून कसे निसटत असू, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. मी काहीही झाकले नाही.

पुढच्या तालमीनंतर मुलगी फोनवर चिडलेलीच होती.

"सगळ्या धुणाऱ्यांले बॅज दिले, बाबा. सर तर अंगावर आहे का, ते स्वतः पाहून राहिले होते. अन् तालमीपुरती धरलेली मात्रेची मर्यादा भरली म्हणून मले अर्ध्या कामातून बाहेर काढलं! एक पातं धुवायचं राहिलंच होतं."

"बरोबर केलं त्यांनी," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी एखाद्या अधिकाऱ्याची बाजू घेतली होती.