वाडीच्या सह्या

आमच्या वाडीवरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, बॉक्साइटच्या खाणीत तो ड्रिल मशीनवर होता, मी ट्रक भरायला. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. धुळीने आमचा एक सोबती खोकून खोकून गेला, तेव्हा दादा खाणीच्या फाटकात आडवा झोपला. "रस्त्यावर पाणी मारा, नायतर गाडी माझ्यावरून न्या!" त्यातूनच युनियन झाली. दादा अध्यक्ष आणि मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं.

पुढे तो आमदार झाला. रत्नागिरीत मांडवीला घर घेतलं. तरी वाटेत मी दिसलो की गाडी थांबवायचा, खांद्यावर हात टाकायचा. मला तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी खाण वाढवून पार वाडीच्या पिण्याच्या झऱ्यापर्यंत आणायचं ठरलं. दादाने मला बोलावून घेतलं.

"विरोधाचं निवेदन देऊ. घरटी एक सही आण. तू गेलास की कोण नाय म्हणणार नाय."

"मजकूर?"

"तो नंतर सह्यांच्या वर टाईप करून घेतो मी."

चार दिवस कोरे कागद घेऊन मी वाडी फिरलो. लिहिता न येणाऱ्या एका काकूंचा अंगठा मीच धरून टेकवला.

जनसुनावणीला खाणीच्या साहेबाने मंडपात तेच कागद वर धरले. "ग्रामस्थांची लेखी संमती."

मी ताडकन उठलो. "दादा, ह्या विरोधाच्या सह्या! सांग ना त्यांना!"

दादाने माईक जवळ ओढला. "आमच्या चिटणिसांनी स्वतः घरोघर जाऊन संमती घेतली, त्यांचे आभार." माझ्याकडे बघून त्याने हातही जोडले.

मी मागे वळलो. अख्खी वाडी माझ्याकडे बघत होती. त्याच्याकडे कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घरोघर गेलो. काही दारं उघडलीच नाहीत. ज्यांनी ऐकून घेतलं, त्यांच्यासोबत जाऊन मी कलेक्टर कचेरीत लिहून दिलं, की सह्या मी घेतल्या आणि कागद कोरे होते. खाणीची परवानगी तूर्त अडली आहे.

मग दादाचा फोन आला. "एवढं मनाला लावून घेतलंस होय? मला विचारायचंस तरी आधी."

फाटकात झोपलेला तो माणूस खरा होता, हे मी आजही सांगेन.  तरी फोन ठेवून दिला आणि जी दारं उघडली नव्हती, तिकडे पुन्हा निघालो.