अक्कांनी लावलेलं कुलूप

रियाज न करणाऱ्यांवर अक्का कधी रागावल्या नाहीत. त्या रागवायच्या अति रियाज करणाऱ्यांवर, आणि तेव्हा बसवनगुडीतल्या त्यांच्या दारात चपला काढणारा माणूसही तसाच थबकायचा.

अक्का मूळच्या बेळगावच्या. तबला शिकवायच्या, पण फक्त बोल म्हणून. स्वतः वाजवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, वयामुळे असेल. मी पुण्याहून बंगळुरूला नोकरीसाठी आलेली, दर शनिवारी के. आर. पुरमहून त्यांच्याकडे जायची. गणपतीत मंडळात माझं वादन होतं आणि लय वाढली की माझं तिरकिट अडकत होतं. म्हणून ऑफिसच्या आधी दोन तास, नंतर दोन तास मी नुसती बडवत होते. बोटं दिवसेंदिवस लाकडासारखी होत होती.

एका शनिवारी अक्कांनी मध्येच थांबवून माझं मनगट दाबलं. मी कळवळले. किती वाजवतेस, त्यांनी विचारलं. चार तास, मी ऐटीत सांगितलं. त्यांनी माझा तबला-डग्गा उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"तीन आठवडे हात लावायचा नाही. टेबलावरसुद्धा बोटं आपटायची नाहीत."

कार्यक्रम पाच आठवड्यांवर होता. वाद्य माझं आहे, मी म्हणाले. बोटंही तुझीच आहेत, आधी ती सांभाळ, त्या म्हणाल्या. मी दार आपटून निघाले.

पुढच्या शनिवारी गेले ती भांडायलाच. त्यांनी ऐकून घेतलं आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही वाकतच नव्हती. त्यांच्या लहानपणी दुखतंय म्हटलं की त्यांचे वडील म्हणायचे, दुखतंय म्हणजे रियाज लागतोय. सोळाव्या वर्षी हात गेला.

"गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात," अक्का म्हणाल्या. "मी रोज रागावते."

तीन आठवड्यांनी कपाट उघडलं. बसले, आणि तिरकिट पाण्यासारखं सुटलं. आनंदाआधी मला संतापच आला. मग ते चार-चार तास कशासाठी? अक्का हसल्या नाहीत. "बोटं शिकली होती ग कधीच. तूच त्यांना स्वल्प दम घेऊ देईनास."

गेल्या वर्षी अक्का गेल्या. शोकसभेत एक वक्ते म्हणाले, अक्कांनी आयुष्यात एक दिवस रियाज चुकवला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या रांगेत आयांच्या शेजारी त्यांच्या लहान विद्यार्थिनी बसल्या होत्या. मी उठून उभी राहिले.

"हे खोटं आहे. रियाजानंच त्यांचा हात गेला. त्या पन्नास वर्षं वाजवू शकल्या नाहीत."

वक्ते हळूच म्हणाले, ताई, ही वेळ नाही.

"या मुलींची बोटं गेल्यावर सांगू का?" मी म्हणाले, आणि बसले नाही.