गिटारची मान खाली का जाते

दोन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा आखडला. पडले नाही, मार लागला नाही. एका सकाळी पाठीमागे हात नेऊन वेणी घालायला गेले तर हात कंबरेच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं की पन्नाशीच्या आसपास बायकांना हे होतं, वर्ष-दोन वर्षं राहतं आणि जसं आलं तसं जातं. व्यायाम दिले आणि ओझं उचलू नका म्हणाले. फळ्यावर मी उजव्या हाताने लिहिते, त्यामुळे शाळेत अडलं नाही. मी कुंभकोणमच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. अडलं ते घरी, वीणेपाशी.

लहानपणी मी सात वर्षं वीणा शिकले होते आणि मोठी झाल्यावर जमेल तशी वाजवत राहिले. घरात अप्पा आणि मी, दोघंच. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांचं वय ब्याऐंशी. संध्याकाळी ते भजनाची वही घेऊन बसत आणि मी वीणा मांडीशी घेई. खांदा आखडल्यावर वीणेच्या दांडीखालून डावा हात पुढे नेणं जमेना, आणि फणसाच्या लाकडाचं ते धूड कोपऱ्यातून काढून जमिनीवर ठेवणंही जमेना. तिच्या पडद्यांखालचं मेणही जुनं होऊन भेगाळलं होतं.

मोबाईलवर खांद्याचे व्यायाम बघता बघता एकदा गिटारचा व्हिडिओ समोर आला. एक माणूस पोकळ पोट नसलेली, सपाट फळीसारखी इलेक्ट्रिक गिटार एका बोटावर टांगून दाखवत होता. ही स्वस्त आहे, शिकणाऱ्यांसाठी आहे आणि मुख्य म्हणजे हलकी आहे, असं तो सांगत होता. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मला गिटारचं वेड कधीच नव्हतं. पण पोकळी नसलेलं लाकूड वाजतं कसं, आणि भरीव असून हलकं कसं, हे दोन प्रश्न डोक्यात बसले. किंमत पाहिली. वीणेचं मेण नव्याने भरून घ्यायला जेवढे लागले असते त्याहून थोडेच जास्त. मागवून टाकली.

खोका आणून देणाऱ्याने तो एका हाताने उंबऱ्यावर ठेवला. अप्पांनी उचलून पाहिला आणि म्हणाले, "रिकामा खोका पाठविला आहे. पाहून घे."

आत गिटार होती. फिकट निळी, कागदात गुंडाळलेली. बॅगेचं वजन करायचा हुक असलेला काटा घरात होता. त्याला लावून पाहिली तर अडीच किलोला थोडी जास्त. अप्पांनी बोटाने धड ठोकून पाहिलं, कान लावला आणि आत काही नाही, असा निकाल दिला. मी मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढून त्यांना आतला खड्डा दाखवला. लाकूड पांढुरकं होतं, रेषा लांब-लांब, आणि कडेला नख दाबलं तर खूण उमटत होती. विकणाऱ्याच्या पानावर झाडाचं नाव पाऊलोनिया दिलं होतं. मी शोधून वाचलं: भराभर वाढणारं झाड, लाकूड हलकं, म्हणून पेट्या आणि कपाटं करायला वापरतात. अप्पा म्हणाले, फणसाचं लाकूड वीणेला घेण्याआधी वर्षानुवर्षं वाळू देतात, आणि हे तर काल उगवलेलं दिसतं. त्यात तिरस्कार नव्हता. त्यांनाही नवल वाटत होतं.

तार छेडली तर आवाज शेजारच्या खोलीपर्यंतही जाईना. सोबत आलेला जेवणाच्या डब्याएवढा अँप, म्हणजे आवाज मोठा करायचा खोका, लावला, आणि मग आवाज आला. तारेखालच्या लोहचुंबकाची गोष्ट मला शिकवण्यातून माहीत होती, तरीही मी चाळीस वेळा वायर काढली आणि लावली. शाळेत जे मी फळ्यावर काढून दाखवते ते आता बोटाखाली घडत होतं.

पहिले काही महिने मी खुर्चीवर बसून, गिटार मांडीवर ठेवून वाजवलं. वीणेत तार पडद्यावर बाजूला ओढून गमक काढतात. गिटारची तारही ओढता येते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, आणि ती वीणेच्या तारेहून मऊ असल्यामुळे खांद्याला त्रास होत नव्हता. पण वीणेचे पडदे उंच असतात. इथे बोट लगेच लाकडाला टेकतं, आणि सुराला जेवढं वर न्यायचं असतं तेवढं जात नाही. किती जातं ते मी वहीत लिहीत गेले. जाड तारेवर कमी, बारीक तारेवर जास्त, मधल्या पडद्यांवर सगळ्यात सोपं. अप्पा दारात उभे राहून ऐकत आणि कुठला सूर पोचला नाही ते हात वर करून दाखवत.

शिकवायला कोणीतरी हवं म्हणून मी पुण्यातल्या एका तरुण मुलीचा ऑनलाइन वर्ग लावला, दर मंगळवारी अर्धा तास. मराठी म्हणून तिला निवडलं. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून तिने मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. आमच्या घरातली मराठी तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली तेव्हाची. आम्ही 'आणि'च्या जागी 'होर' म्हणतो आणि मध्ये तमिळ शब्द येतात. मी इथे लिहिते आहे ती पुस्तकं वाचून शिकलेली मराठी. ती म्हणाली, "काकू, तुमचं बोलणं ऐकताना कोणी तरी जुनी पत्रं वाचून दाखवतंय असं वाटतं." मग मला गिटार शिकवता शिकवता तीच मला आमचे शब्द विचारू लागली.

एकदा तिने मला पट्टा अडकवून उभं राहून वाजवायला सांगितलं. पट्टा डाव्या खांद्यावर घेतला आणि हात सोडला, तर गिटारची मान सरळ खाली गेली, थेट माझ्या गुडघ्याकडे. मी वर उचलली, ती पुन्हा गेली. वाजवायच्या डाव्या हातानेच तिला सावरावं लागत होतं आणि दहा मिनिटांत खांदा ठणकायला लागला. ती म्हणाली, हलक्या गिटारांना हे होतं. धड हलकं असलं तरी मान कठीण लाकडाची असते, टोकाला तारा पिळायच्या लोखंडी खुंट्या असतात, म्हणून ती पुढे कलते. पट्ट्याला खालून खरखरीत कातडं लावा, नाहीतर मागच्या बाजूला थोडं वजन बांधा, असं तिने सुचवलं. मी सुती पट्ट्याला पायपुसण्याचा तुकडा शिवून पाहिला. गिटार घसरायची थांबली, पण आता ब्लाउज ओढत खाली जाऊ लागली.

तेव्हा मला स्वामीमलैच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो आता चाळिशीचा आहे आणि वडिलांच्या मागे मूर्ती ओतायचा कारखाना चालवतो. धातूचा तुकडा त्याच्याकडे मिळेल म्हणून एका शनिवारी गिटार पाठीला लावून मी बसने गेले. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, टीचर, मुलाची का. मी माझी म्हटलं तर त्याने तिकीट देताना पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.

कारखान्यात साच्यासाठी केलेली एक मेणाची मूर्ती पाण्याच्या घमेल्यात थंड होत होती. विद्यार्थ्याने हात पुसले, गिटार दोन्ही तळहातांवर आडवी घेतली आणि हात हळूहळू जवळ आणत गेला. जिथे ती तोलून राहिली तिथे त्याने खडूने रेघ मारली. मी वर्गात पट्टी बोटावर तोलून गुरुत्वमध्य दाखवत असे, ते त्याला आठवत होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला की वर्गातलं त्याला काही आठवत नाही, हे त्याला वडिलांनी शिकवलं. मिरवणुकीच्या मूर्ती भरीव ओततात, आणि तोल चुकला तर खांदेकऱ्यांना पहिल्या पावलालाच कळतं.

मग आम्ही कापडी पिशवीत धातूचे भंगार तुकडे घालून ती गिटारच्या मागच्या टोकाला बांधली. मी पट्टा घालून उभी राहायची, तो एक तुकडा टाकायचा किंवा काढायचा. पाव किलोच्या पुढे गेल्यावर मान आडवी राहिली. त्याने तेवढ्याचा एक चपटा गोळा करून द्यायचं कबूल केलं. मूर्तीसाठीचा पंचधातू याला वापरणार नाही, पितळ पुरे, एवढं मात्र त्याने स्पष्ट सांगितलं.

आठवड्याने गोळा मिळाला. मागे स्क्रूने बसवला. मान खरंच जागेवर राहिली. मी खूश होऊन मंगळवारी पुण्याच्या मुलीला दाखवलं. शुक्रवारपर्यंत खांदा पुन्हा दुखू लागला. जे नको म्हणून ही गिटार घेतली होती तेच मी तिच्या पाठीला बांधलं होतं, हे लक्षात यायला विज्ञानाच्या शिक्षिकेला तीन दिवस लागले. दोन आठवडे मी तिला हात लावला नाही. अप्पा एकटेच भजन म्हणत बसत आणि मध्येच थांबत.

गोळा परत द्यायला म्हणून मी पुन्हा स्वामीमलैला गेले. विद्यार्थ्याने पुन्हा मला उभं राहून दाखवायला सांगितलं. या वेळी त्याने गिटारकडे पाहिलंच नाही, पट्टा जिथे अडकतो त्या दोन खिळ्यांकडे पाहत राहिला. एक मागच्या टोकाला, दुसरा धडाच्या वरच्या कडेला मानेकडे निघालेल्या शिंगावर. खडूची रेघ अजून होती, आणि पुढचा खिळा तिच्या बराच मागे होता.

"टीचर, वजन कशाला वाढवायचं?" तो म्हणाला. "धरायची जागा बदलू."

एवढं ऐकल्यावर मला आणखी काही समजावून घ्यायची गरज राहिली नाही. जड टोक पुढे आणि धरायची जागा त्याच्या मागे, मग ते खालीच जाणार. पालखीचा दांडा पुढे का काढतात ते त्याने हाताने दाखवलं. त्याने पितळेची बोटभर रुंद पट्टी कापली, घासून गोल केली, एका टोकाला भोक पाडून शिंगाच्या खिळ्याच्या जागी बसवली आणि दुसऱ्या टोकाला पट्ट्याचा खिळा लावला. चार बोटं पुढे. पट्टी तळहातावर ठेवली तर वजन जाणवतही नव्हतं.

मी उभी राहिले, हात सोडले. गिटार आडवी राहिली. त्याच्या कारखान्यातले दोघे जण काम थांबवून बघत होते. विद्यार्थ्याने मान बोटाने खाली ढकलली, ती थोडी गेली आणि वर आली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पट्टीचा स्क्रू निघाला. मऊ लाकडात भोक मोठं झालं होतं आणि गिटार पलंगावर पडली. अप्पांनी काड्यापेटीतल्या चार काड्या मोडून, फेविकॉल लावून भोकात ठोकल्या आणि रात्रभर हात लावू नको म्हणाले. स्क्रू पुन्हा बसवला तो आजपर्यंत हललेला नाही.

त्यानंतरच्या एकादशीला अप्पांनी मला गिटार घेऊन मरुदानल्लूरला चल म्हटलं. तिथल्या मठात ते गेली पन्नास वर्षं भजनाला जातात. मी नको म्हणत होते. त्यांनी तिथे आधीच विचारून ठेवलं होतं, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

भजन सुरू व्हायच्या आधी गिटार हातोहात फिरली. सगळ्यांनी ती उचलून पाहिली आणि पेटी वाजवणाऱ्या आजोबांनी पितळेची पट्टी कशासाठी ते नीट विचारून घेतलं. मग त्यांनी षड्ज धरला आणि माझ्या तारा त्याच्याशी जुळेनात. मी मोबाईलमधल्या यंत्रावर सूर लावले होते, पेटी त्याहून जरा चढी होती. सगळे थांबले. मी एकेक तार पेटीशी जुळवत गेले, सहाही तारा, आणि त्यांनी घाई केली नाही. आजोबा माझ्यासाठी सूर धरून राहिले.

मी फार काही वाजवलं नाही. अप्पा म्हणतील त्याच्या मागून हळू आवाजात तार ओढत गेले. दोन ठिकाणी गमक वरपर्यंत पोचलं, एका ठिकाणी नाही. तिथे अप्पांनी झांज धरलेला हात सवयीने वर केला, आणि त्यांच्यामागे बसलेल्या दोन बायकांनीही केला. तासाभराने उठले तेव्हा खांद्याकडे माझं लक्षही गेलेलं नव्हतं.

मंगळवारी मी हे पुण्याच्या मुलीला सांगितलं. तिने पेटीच्या चढ्या सुराबद्दल विचारलं, मग तार किती ओढली ते विचारलं. माझ्या वहीतली ती पानं मी तिला फोटो काढून पाठवली. पुढच्या वर्गात तिने स्वतःच्या गिटारवर एक सूर ओढून दाखवला. तो थोडा अलीकडेच थांबला. मी हात वर केला.

"अजून?" तिने विचारलं.

"थोडं," मी म्हटलं, आणि तिने पुन्हा तार धरली.