सासूबाईंच्या टेबलाचा ड्रॉवर

गुडघ्याने संप पुकारला आणि ड्रायव्हिंग स्कूलची माझी नोकरी सुटली. त्याआधीचं सारं आयुष्य मी शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून काढलं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जादाचा ब्रेक माझ्या पायाखाली आणि तोंड अखंड चालू. शिकणारे पाठीमागे मला ‘ब्रेकमास्तर’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हटलं नाही, कारण मी कुणाला बोलायला उसंतच दिली नाही.

घरी बसल्यावर ब्रेक गेला, तोंड राहिलं. बायको कढईत उलथनं फिरवायला लागली की मी म्हणायचो, “हळू, हळू, वळणावर सांभाळ.” काही दिवस तिने ऐकून घेतलं. मग गॅस बंद करून म्हणाली, “अहो, हाताला काहीतरी काम शोधा. तोंडाला पुरे झालं.”

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांच्या पलंगाशेजारी एक बुटकं लाकडी टेबल आहे, एका ड्रॉवरचं. पॉलिश उडालेलं, वर कपांच्या गोल डागांची नक्षी. म्हटलं, याला रंग द्यायचा, मेण घासायचं, एकदम झकास करून टाकायचं. सासूबाईंना रंग विचारला तर म्हणाल्या, “पांढरा सोडून काहीही. दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं.” दुकानदाराने हिरवट राखाडी रंगाचा डबा, ब्रश, पॉलिश पेपर आणि मेणाची डबी काढून दिली आणि कशानंतर काय लावायचं ते सांगायला लागला.

“माहितीये,” मी म्हणालो. मला काडीचंही माहीत नव्हतं.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर टेबल गॅलरीत आणलं. ड्रॉवर बाहेर काढून मग रंगवावं, एवढी साधी गोष्ट. पण तो जरा अडकत होता आणि मला घाई होती. आधी मेण चोळलं. लाकूड कसं गुळगुळीत झालं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली आणि वर रंगाचा ब्रश फिरवला. रंग तेलकट तव्यावरच्या पाण्यासारखा पळायला लागला. जिथे थांबला तिथे थेंब धरून बसला. टेबलाला कांजिण्या आल्या.

मग सगळं टर्पेंटाइनने पुसलं, खांदा निखळेपर्यंत पॉलिश पेपरने घासलं आणि पुन्हा रंग दिला. झालेल्या फजितीची भरपाई म्हणून चांगला जाड दिला. फटीत, कोपऱ्यात, मुठीच्या मागे, जिथे ब्रश शिरला तिथे रंग शिरला.

संध्याकाळी सासूबाई उठल्या. “टेबल कुठाय?”

“रंगवतोय!” मी ओरडलो.

“कोण रडतंय?” त्या घाबरून म्हणाल्या. “अहो, माझं कानाचं मशीन आहे त्या ड्रॉवरमध्ये. झोपताना काढून ठेवलं होतं.”

गॅलरीत जाऊन मी ड्रॉवर ओढला. मूठ हातात आली, पाची बोटं हिरवी झाली, ड्रॉवर जागचा हलला नाही.

“सुरी आणते,” बायको म्हणाली.

“नको, रंग ओला आहे. खराब होईल. उद्यापर्यंत वाळू दे.”

“आईच्या कानापेक्षा तुमचा रंग मोठा?”

सासूबाईंनी माझी बोटं पाहिली, लेकीचा चेहरा पाहिला आणि ठसका लागेपर्यंत हसल्या. “राहू दे गं. एक दिवस कुणाचं ऐकलं नाही तर काय बिघडतंय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी पेपर घेऊन त्यांच्या खोलीत बसलो. रोज मी बातम्या वाचतो, त्यांवर भाष्य करतो आणि त्या मान डोलावतात. आज भाष्याला गिऱ्हाईक नव्हतं. मग त्याच बोलायला लागल्या. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, एवढं मला ठाऊक होतं. पण ड्युटी संपल्यावर सगळ्याजणींना घरी सोडणाऱ्या गाडीत त्या हट्टाने पुढे बसायच्या आणि वाटभर ड्रायव्हरचे पाय बघायच्या, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“क्लच, गिअर, ब्रेक, सगळं पाठ होतं मला,” त्या म्हणाल्या. “चाक तेवढं हातात घेऊन बघायचं राहिलं.”

मला त्यांना कितीतरी विचारायचं होतं आणि विचारायची सोय मीच रंगाने बंद केली होती. एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं, कारण आमच्या गप्पांत बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं.

दुपारी रंग वाळला. फटीतून सुरीचं टोक फिरवलं, बायकोने आणि मी मिळून ओढलं आणि ड्रॉवर कडकन बाहेर आला. समोरच्या रंगाचं लांब सालपट घेऊनच आला. मशीन सुखरूप होतं. ड्रॉवरच्या कडांना मेणबत्ती घासली, मूठ बसवली, सालपट निघालं तिथे पुन्हा रंग लावला. तो नीट वाळल्यावर, सगळ्यात शेवटी, मऊ फडक्याने मेण चोळलं. रंगाला मंद झाक आली. ठिगळ मात्र दारातून दिसतं. पाहुणे आले की मी त्याच्यापुढे उभा राहतो.

रविवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांकडून दोन ब्रेकची जुनी गाडी मागून आणली आणि सासूबाईंना बंद गोदामामागच्या मोकळ्या मैदानात नेलं. बायको कडेला छत्री धरून उभी राहिली, डोळे मिटून. सासूबाईंनी सीट पुढे ओढायला लावली, पदर खोचला, आरसा स्वतःच्या उंचीला केला. गाडी हलली. झटका बसला नाही. मी सवयीने बोलायला लागलो.

“जावईबापू,” त्या समोर बघत म्हणाल्या, “मला जरा बघू द्या.”

मैदानाला एक अख्खी फेरी झाली. मग त्यांनी क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. मी सांगितलं नव्हतं.